सुपरकार पळवू नका, रॅम्पवर घ्या

टीव्हीवरच्या गाड्यांच्या कार्यक्रमांबद्दल पुण्यातल्या गाडीवेड्यांची जुनी तक्रार आहे. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन यांचं दळण वर्षभर चालू असतं, पण बुगाटी, कोनिगसेग, पगानी यांसारख्या परदेशी सुपरकारच्या वाट्याला चार सेकंदांची उसनी चित्रफीत येते. तक्रार खरी आहे, पण तिची जी कारणं सांगितली जातात ती अर्धवट आहेत. कुणी म्हणतं अँकरला कळत नाही, कुणी म्हणतं वाहिनीकडे पैसा नाही, कुणी म्हणतं जाहिरातदार सांगतील तेच दाखवतात. तिन्हींत तथ्य आहे. तरी उद्या हुशार अँकर आला, पैसा आला आणि जाहिरातदार गप्प बसला, तरीही या गाड्या दिसणार नाहीत. कारण कार्यक्रमाचा साचाच असा आहे की त्यात त्या बसत नाहीत.

साचा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात, त्यात दोन-तीन गाड्या. गाडी घाटात न्यायची, ड्रोन उडवायचा आणि शेवटी निकाल द्यायचा: घ्या किंवा घेऊ नका. प्रश्नही ठरलेले असतात. अ‍ॅव्हरेज किती देते, डिकीत किती बॅगा मावतात, मागे तिघं ऐसपैस बसतात का, ऑन-रोड कितीला पडते. यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सुपरकारकडे नाही. वर्षाला चाळीस लाखांहून जास्त मोटारी विकल्या जाणाऱ्या देशात लॅम्बोर्गिनीने २०२३ साली १०३ गाड्या विकल्या, आणि लॅम्बोर्गिनी म्हणजे त्यातल्या त्यात सहज दिसणारी. खऱ्या दुर्मीळ गाड्यांची संख्या कित्येकदा शून्य असते. जी गाडी कुणीच घेणार नाही तिच्यावर ‘घ्या किंवा घेऊ नका’ सांगायचं कोणाला?

ही संख्या शून्य का, हेही कार्यक्रमांत कधी धड सांगितलं जात नाही. नुसता श्रीमंतीचा प्रश्न असता तर मुंबई-पुण्यात घेणारे निघाले असते. आपल्या आयातीच्या नियमांप्रमाणे नव्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे लागतं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये लागतो आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा लागतो. आता फेरारी एन्झो, लाफेरारी, पोर्शे करेरा जीटी, ९१८ स्पायडर, बुगाटी वेरॉन यांची नावं घ्या. या सगळ्या डाव्या स्टिअरिंगच्याच विकल्या गेल्या. दोन-चारशे गाड्यांसाठी स्टिअरिंग रॅक, पेडल बॉक्स, डॅशबोर्ड आणि त्यांमागची क्रॅश चाचणी दुसऱ्यांदा करणं बहुतेक कंपन्यांना परवडत नाही. २०१८ मध्ये केंद्राने परदेशी मानकं पाळणाऱ्या गाड्यांना मर्यादित संख्येपर्यंत भारतातल्या प्रमाणन चाचणीतून सूट दिली. पण उजव्या स्टिअरिंगची अट तशीच राहिली. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, कुणी आपली गाडी फिरायला घेऊन येतो, पण ती ठरावीक मुदतीत परत न्यावी लागते.

कराचं गणितही एकदा मांडून टाकू. २०२५ च्या दरांनी, बंदरावर तीन कोटींना पडलेली गाडी धरा. मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि उपकर ४० टक्के, म्हणजे ३ कोटी ३० लाख. एकूण झाले ६ कोटी ३० लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २ कोटी ५२ लाख. एवढ्यातच आकडा ८ कोटी ८२ लाखांवर गेला, आणि अजून नोंदणी व विमा बाकी आहे. महाराष्ट्रात वाहनकराला कमाल मर्यादा आहे, ती १ जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाख झाली. एवढ्या रकमेची वस्तू असलेला मालक ती शूटिंगला का देईल, हा पुढचा प्रश्न.

शूटिंगमध्ये गाडीचं काय होतं ते घरी बसलेल्या प्रेक्षकाला दिसत नाही. वळणावरून सुसाट जाणारा तीस सेकंदांचा एक तुकडा हवा असेल तर ते वळण आठ-दहा वेळा घ्यावं लागतं: एकदा रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यासाठी, एकदा ड्रोनसाठी, एकदा पुढच्या गाडीच्या डिकीत बसलेल्या कॅमेरामनसाठी, शिवाय मध्येच एसटी आली म्हणून पुन्हा. दर वेळी अरुंद रस्त्यावर पुढे-मागे करत यू-टर्न. एकच क्लच असलेल्या ऑटोमेटेड गिअरबॉक्सला, म्हणजे दोन हजारच्या दशकातल्या बहुतेक फेरारी-लॅम्बोर्गिनींना, हेच सर्वांत घातक. रिव्हर्समध्ये चढावर इंच इंच सरकताना संगणक क्लच अर्धवट दाबून ठेवतो आणि प्लेट घासत राहते. महामार्गावर हजारो किलोमीटर टिकणारी प्लेट अशा काही दुपारींत संपते. कार्बन-सिरॅमिक ब्रेक थंड असताना कधीकधी कमी धरतात, हळू वेगात किंचाळतात, आणि तो आवाज नेमका मायक्रोफोनमध्ये येतो. शिवाय खासगी मोटारीच्या आपल्याकडच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत भाड्याने देणं, शर्यत, वेगाची चाचणी असे वापर स्पष्टपणे वगळलेले असतात. ‘० ते १००’ मोजताना गाडी कठड्याला लागली तर विमा कंपनी हात वर करेल आणि नियमाने ते बरोबरच असेल.

कंपन्यांकडे मागावं तर त्यांचंही तेच. लाखभर गाड्या विकणारी कंपनी पत्रकारांसाठी चार-सहा गाड्या वेगळ्या ठेवते, त्यांतली एक ठोकली तरी फरक पडत नाही. वर्षाला वीस गाड्या बनवणाऱ्या कारखान्याकडे दाखवायला एकच असते. ब्रिटिश ‘टॉप गिअर’सारख्या श्रीमंत कार्यक्रमालाही २००४ मध्ये एन्झो चालवायला फेरारीकडून मिळाली नव्हती. ती दिली पिंक फ्लॉइडचे ड्रमर निक मेसन यांनी, आणि बदल्यात कार्यक्रमात आपल्या पुस्तकाची जाहिरात करून घेतली. २००६ मध्ये कोनिगसेग सीसीएक्स त्यांच्या ट्रॅकवरून घसरून टायरच्या भिंतीत गेली. कंपनीने मागचा पंख बसवून ती पुन्हा आणली आणि तिने १ मिनिट १७.६ सेकंदांचा विक्रम केला. स्वीडनची ही कंपनी त्यातून तरली, उलट नावारूपाला आली. डेन्मार्कच्या झेन्व्होचं नशीब तसं नव्हतं. २०१४ च्या भागात त्यांच्या एसटी१ चा आधी क्लच गेला, मग गाडीने पेट घेतला. जगभर लोकांनी त्या कंपनीचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते असं. मॅक्लारेन पी१, ९१८ आणि लाफेरारी २०१३ साली रस्त्यावर येऊ लागल्या, पण मोठ्या कार्यक्रमात तिघींची एकत्र तुलना व्हायला २०१६ चा नोव्हेंबर उजाडला. पैसा, ट्रॅक, नावाजलेले सूत्रधार सगळं असून ही गत. मग आपल्या वाहिन्यांना नावं ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

म्हणून या गाड्यांना आणखी वेळ द्या, अशी आमची मागणी नाही. त्या चालवूनच दाखवल्या पाहिजेत हा हट्ट सोडा आणि रॅम्पवर, म्हणजे गॅरेजमधल्या लिफ्टवर, चढवून उघडून दाखवा, एवढंच म्हणणं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, बोरघाटात त्याहून कमी, आणि आता वर कॅमेरे आहेत. बहुतेक सुपरकार तो वेग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच गाठतात. म्हणजे कायदा पाळून चालवली तर अँकरला सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि सांगण्यासारखं काही केलं तर तो गुन्हा ठरतो. सीटवर बसून या गाडीबद्दल जे कळतं ते थोडं आणि तेच तेच असतं: आवाज, ढकल, घाम. जे खरं कळण्यासारखं आहे ते खाली, पोटाशी आहे.

आणि हे सगळं कळेल असा प्रेक्षक कुठे असेल तर तो या शहरात आहे. भोसरी, चाकण, रांजणगाव, मुंढवा इथे रोज लाखो माणसं फोर्जिंग, मशीनिंग, टूलरूम, क्वालिटीच्या कामावर जातात. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. इथल्या कॉलेजांतली पोरं फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेसाठी स्वतःच्या हाताने स्पेसफ्रेम, म्हणजे गाडीचा नळ्यांचा सांगाडा, वेल्ड करतात. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्या माणसाला रात्री टीव्ही सांगतो, “आवाज ऐका, अंगावर काटा येईल!” हा त्या प्रेक्षकाचा अपमान आहे.

रॅम्पवर काय दाखवता येईल, याचं एक उदाहरण वेरॉनचं. आठ लिटरचं सोळा सिलिंडरचं इंजिन, चार टर्बो, १००१ अश्वशक्ती, कमाल वेग ताशी ४०७ किलोमीटर. हे आकडे पोरासोरांना पाठ आहेत. पण त्या गाडीत दहा रेडिएटर आहेत हे किती जणांना माहीत असतं? तीन इंजिनच्या पाण्याचे, तीन इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणारे) आणि एअरकंडिशनर, गिअरबॉक्सचं तेल, डिफरन्शियलचं तेल व इंजिनचं तेल यांचा प्रत्येकी एक. कारण ढोबळ हिशेबाने पेट्रोलमधल्या उष्णतेचा तिसरा हिस्साच कामाला येतो. हजार अश्वशक्ती काढायची तर दोन हजारांएवढी उष्णता कुठेतरी टाकावी लागते, काही सायलेन्सरमधून आणि बाकीची रेडिएटरमधून. मग हवा आत घ्यायला तोंडं हवीत, ती तोंडं वाढवली की गाडीला वारा अडतो, वारा अडला की आणखी ताकद हवी, ताकद आली की आणखी उष्णता. हे चक्र कुठे तोडायचं, हा त्या गाडीच्या रचनेतला खरा झगडा आहे. फळ्यावर खडूने काढलं तरी वीस मिनिटं पुरतं, आणि त्यासाठी वेरॉन पुण्यात आणावी लागत नाही. पूर्ण वेगात तिचे टायर पंधरा मिनिटांच्या आसपास टिकतात आणि टाकी त्याच्याही आधी, बारा मिनिटांत रिकामी होते.

ब्रेकचं तसंच. साध्या लोखंडी डिस्कची झीज जाडीवर मोजतात: मायक्रोमीटर लावला, किमान जाडीशी ताडून पाहिलं, झालं. कार्बन-सिरॅमिक डिस्कची जाडी फारशी घटत नाही. जास्त तापल्यावर आतला कार्बन जळत जातो, म्हणून डिस्क हलकी होते. तिच्या मधल्या टोपीवर किमान वजन कोरलेलं असतं. डिस्क काढायची, स्वच्छ करून कोरडी करायची, चांगल्या काट्यावर ठेवायची आणि आकडा वाचायचा. चाक काढतानाही घाई चालत नाही. रिम डिस्कच्या कडेवर आपटली तर टवका उडतो आणि लाखो रुपयांची डिस्क गेली. म्हणून आधी बोल्टच्या जागी लांब गाइड पिना लावतात आणि चाक त्यांवरून सरळ ओढून घेतात. मध्ये एकच नट असलेल्या पोर्शेच्या चाकाला सुमारे ६०० न्यूटन मीटर टॉर्क द्यावा लागतो, आपल्या रोजच्या गाडीच्या बोल्टला शंभर-सव्वाशे. त्यासाठी मीटरभर लांब टॉर्क रेंच लागतो, आणि एकाने आत बसून ब्रेक दाबून धरावा लागतो. कुठलाही कामगार हे डोळे मोठे करून बघेल.

मॅक्लारेन एफ१ तर यापेक्षा मजेशीर. एकूण १०६ गाड्या बनल्या, १९९८ मध्ये एकीने ताशी ३८६ किलोमीटर गाठले. इंजिनभोवती उष्णता परतवायला सोन्याचा वर्ख लावलेला आहे, हे सगळे सांगतात. पण पेट्रोलची रबरी पिशवी दर पाच वर्षांनी बदलावी लागते आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, हे कमी जण सांगतात. त्याहून कमी जणांना ठाऊक असतं की या गाडीच्या संगणकाशी बोलायला कंपनीचे लोक नव्वदच्या दशकातले कॉम्पॅकचे लॅपटॉप कैक वर्षं जपून वापरत होते, कारण त्यासाठी लागणारं खास कार्ड त्याच लॅपटॉपला चालायचं. कोट्यवधींची गाडी एका जुनाट लॅपटॉपवाचून अडते! आपल्या कितीतरी कारखान्यांत एखादं जुनं सीएनसी मशीन असंच फ्लॉपी ड्राइव्हपायी अडलेलं असतं. त्या सुपरवायझरला ही गोष्ट लगेच पटेल.

आता यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकनच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. त्यानंतर आठवडे या शहराने टीव्हीवर ती एकच गाडी पाहिली. अशा शहरात वेगवान गाड्यांचं कौतुक कशाला, असं कुणी विचारलं तर त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. पण त्या आठवड्यांत वाहिन्यांनी गाडीबद्दल काय सांगितलं ते आठवून पाहा. किंमत सांगितली, १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने नोंदणी अडली होती तेही सांगितलं. वेग म्हणजे काय, हे बहुतेकांनी सांगितलं नाही. ताशी ५० वरून १५० वर गेलं की वेग तिप्पट होतो, पण गाडीतली ऊर्जा नऊपट होते. सुपरकारचे उत्तमातले उत्तम ब्रेक धरले आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद दिला, तरी ५० वरून थांबायला साधारण २२ मीटर लागतात आणि १५० वरून ११५ मीटरच्या आसपास. जंगली महाराज रस्त्यावर ११५ मीटरांत किती माणसं रस्ता ओलांडत असतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. हे दाखवायला स्टुडिओत एक फळा पुरतो. घाटात टायर जाळणारे एपिसोड पोरांच्या डोक्यात वारं भरतात हे आम्हालाही मान्य आहे, पण म्हणून गाडी उघडून दाखवायचीच नाही असं होत नाही.

दुसरा आक्षेप असा की या गाड्यांचा सामान्य पुणेकराशी संबंध काय? याला स्पीडब्रेकरचं उत्तर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकरची गोलाई १७ मीटर त्रिज्येची हवी, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. सुपरकारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६५ मीटर धरा आणि जमिनीपासून पोट ११ सेंटिमीटरवर. वर्तुळाचं साधं गणित केलं तर असा स्पीडब्रेकर पोटाखाली फक्त पाच सेंटिमीटरच्या आसपास वर येतो. म्हणजे नियमाने बांधलेल्या स्पीडब्रेकरवरून ही बुटकी गाडी सावकाश, न घासता जायला हवी. आपल्या पेठांतल्या आणि सोसायट्यांसमोरच्या हातभर रुंदीच्या डांबरी उंचवट्यांवर ती अडकते. पुढचं नाक चार सेंटिमीटर उचलणारी लिफ्ट असली तरी पोटाचा मधला भाग त्याच्या निम्माच उचलला जातो. जो उंचवटा सुपरकारच्या पोटाला लागतो तोच रुग्णवाहिकेतल्या पेशंटच्या आणि स्कूटरवर मागे बसलेल्या आजींच्या मणक्याला लागतो, फक्त त्यांची बातमी होत नाही. टेप आणि स्पिरिट लेव्हल घेऊन दहा स्पीडब्रेकर मोजणारा एक भाग कुठल्याही वाहिनीने करावा, महापालिकेला उत्तर द्यावं लागेल.

पेट्रोलचीही तीच कथा. या इंजिनांना ९७-९८ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता), आपल्या पंपावरचं साधं काही वर्षांपूर्वीपर्यंत ९१ चं होतं. कमी ऑक्टेनचं भरलं की मिश्रणाचा काही भाग ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटतो, नॉक सेन्सरला ते कळतं, संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद घटते. सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत पिस्टनला भोक पडू शकतं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. पण साध्या गाडीत ते भरून काही फायदा होतो का, याचं सरळ उत्तर कार्यक्रमांत ऐकू येत नाही. ज्या इंजिनाला त्याची गरज नाही त्याला काडीचाही फायदा नाही.

शिवाय ‘परदेशी’ हा शिक्का वाटतो तेवढा पक्का राहिलेला नाही. इटलीतली पिनिनफरिना २०१५ च्या कराराने महिंद्रांकडे आली. तिच्या नावाची बॅटिस्टा ही विजेवरची १५० गाड्यांपुरती हायपरकार २०१९ मध्ये जिनिव्हात दाखवली गेली: १२० किलोवॅट-तासांची बॅटरी, चार मोटारी, १,९०० च्या घरात अश्वशक्ती. नव्वदच्या दशकात एक्सजे२२० बनवणारी जॅग्वार २००८ पासून टाटांची आहे. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आहे आणि लॅम्बोर्गिनी त्याच गटातली. म्हणजे माहिती देणारे, नकाशे वाचणारे अभियंते तळेगाव-चाकणच्या पट्ट्यातच भेटतील.

प्रत्यक्ष गाडी मिळालीच तर तयारी काय लागते ते सांगून ठेवतो. चार खांबांचा किंवा बुटक्या हातांचा लिफ्ट लागेल, नेहमीच्या गॅरेजमधला जॅक या गाडीखाली जातच नाही. कार्बनच्या सांगाड्याला कंपनीने दाखवलेल्या चार जागीच आधार द्यायचा, बाजूच्या पट्टीखाली दिला तर तडा बाहेरून दिसत नाही आणि सहज दुरुस्तही होत नाही. पोटाखालचं झाकण डझनावारी स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. ते पुठ्ठ्यावर गाडीचा आकार काढून जागच्या जागी टोचून ठेवायचे. हायब्रिड असेल तर नारंगी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या, केबलना हात लावायचा नाही. आधी बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, तोही प्रशिक्षित माणसाने, आणि नंतर कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं. कॅमेरा लावेपर्यंत इग्निशन चालू ठेवलं की तासाभरात बॅटरी झोपते आणि काही गाड्यांचे दरवाजेही विजेवरच उघडतात. म्हणून चार्जर आधीपासून लावून ठेवायचा. मालकाच्या अटी कागदावर घ्यायच्या आणि नंबरप्लेट झाकायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि गाडी एक मीटरही पळत नाही, त्यामुळे विम्याचं भांडणही उरत नाही.

राहिला जाहिरातदार. मोटार कंपन्या अशा भागाला पैसे देणार नाहीत हे उघड आहे, त्यांना ‘घ्या’ म्हणणारा निकाल हवा असतो. पण टॉर्क रेंच, ब्रेक पॅड, बेअरिंग, वंगण, कटिंग टूल विकणाऱ्यांना नेमका हाच प्रेक्षक हवा असतो आणि तो त्यांना टीव्हीवर सापडत नाही. त्यांच्याकडे वाहिनीच्या मार्केटिंगवाल्याने आधी जायला हवं, आणि त्यासाठी त्याला भोसरीच्या पुढे जायचीही गरज नाही.